भिजवलेले अंजीर आणि लेकीचा पेला

माझ्या मुलीच्या पोटावर अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधल्या प्रत्येक मराठी माणसाचा हक्क आहे, हे मला ती साडेचार वर्षांची असताना कळलं. आमच्या वस्तीच्या क्लबहाउसमध्ये कोणाच्या तरी मुलाचा वाढदिवस होता. पावभाजीच्या रांगेत शेजारच्या बाईने विचारलं, "काय गं, दमलेली दिसतेस?" आणि मी मूर्खासारखं खरं उत्तर दिलं. लेकीला पाच दिवस शी झालेली नाही, म्हणाले. मी चिरलेल्या कांद्यापर्यंत पोचले तोवर बातमी माझ्या आधी तिथे पोचली होती.

पुण्याच्या एक काकू म्हणाल्या, "अगं, सरळ एरंडेल दे. एक चमचा, की सकाळी मोकळी. माझ्या दोघांनाही दिलंय." त्यांचे दोघंही तिथेच उभे होते, तिशीतले, आपापल्या बायकांसह. दोघांनीही खाली बघितलं. सोलापूरच्या मावशींचा एरंडेलावर विश्वास नव्हता. "विड्याच्या पानाचं देठ घ्यायचं, तेलात बुडवायचं, आणि..." पुढचं त्यांनी हाताने दाखवलं आणि त्याच हाताने पाव उचलला. एक इंजिनिअर मध्येच म्हणाला, "यार, आयपॅड द्यायचा आणि पॉटीवर बसवून टाकायचं. तासाभरात डन." कोणी बेंबीत हिंग सुचवला. एक अमेरिकन आई पाहुणी म्हणून आली होती, तिने जिवाणू भरलेल्या गमीच्या गोळ्यांचं नाव फोनवर काढून दाखवलं. त्या गोळ्यांत साखर सोडून काहीच धड नसतं, हे मी तिला सांगितलं नाही. मी फक्त हसले. माझं ते हसू नवरा ओळखतो. तो लगेच म्हणाला, "चल, निघू या."

मला या सगळ्याचा राग येत नाही, किळस येते. मी औषधांच्या कंपनीत, गोळ्या तपासायच्या लॅबमध्ये काम करते. गोळी पाण्यात किती मिनिटांत विरघळते, तिच्यात लिहिलं आहे तेवढंच औषध आहे का, हे बघणं माझं काम. नळीतलं पाणी मोजताना डोळा रेघेच्या पातळीला आणायचा असतो. वरून बघितलं तर आकडा चुकतो. हे मी नव्या लोकांना शिकवते आणि कोणी उभ्याने वाचलं तर पुन्हा वाचायला लावते. आणि ही सवय लॅबच्याही आधीची आहे. नागपूरला आमच्या घरात देव नव्हते. भिंतीवर बुद्ध होता, शेजारी निळ्या कोटातला फोटो होता, आणि कशालाही 'पुरावा काय?' विचारायची पद्धत होती. मला गोवर आला तेव्हा शेजारणीने दंडाला बांधलेला गंडा बाबांनी दाढीच्या ब्लेडने कापला आणि मला सायकलवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. त्यामुळे हिंग आणि देठ सुचवणाऱ्यांकडे मी वरूनच बघते. ते मला शिष्ट म्हणतात, ते खरं आहे.

पण घरी आल्यावर माझ्या शिष्टपणाचा लेकीला काही उपयोग नव्हता. कळ आली की ती दिवाणखान्यातल्या पडद्यामागे जायची. पाय एकमेकांत अडकवून, टाचा उचलून, पडदा दोन्ही मुठींत धरून उभी राहायची. चेहरा लाल. बाहेरच्याला वाटावं पोरीला जोर करायचा आहे. ती उलट सगळी ताकद लावून ते आत धरून ठेवत असे. एकदा दुखलं होतं, थोडं रक्त आलं होतं, तेव्हापासून तिने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं की हे करायचंच नाही. मी जवळ गेले की म्हणायची, "डोन्ट लुक ॲट मी." मग सहाव्या-सातव्या दिवशी, जेव्हा धरवत नसे तेव्हा, रडारड, आणि मी बाथरूमच्या फरशीवर बसून तिचे हात धरलेले. त्या वेळी ती मला आई म्हणायची. एरवी मॉमी.

पुढे पुढे ते तिच्या नकळत चड्डीत झिरपायला लागलं. तिच्या प्रीस्कूलने आधी फोन केले, मग बोलावून घेतलं. तिथली बाई फार गोड होती. इतर मुलं नाक धरतात, म्हणाली, आणि आमच्याकडे बदलायला माणूस नाही. 'तयार झाली की' परत आणा. ऑगस्टमध्ये किंडरगार्टन सुरू होणार होतं. तोवर सहा महिने होते, आणि माझी लेक घरात फ्रॉकच्या मागे हात लावून लावून बघत होती की आपल्याला वास येतोय का. साडेचार वर्षांची पोर. ते बघून मला कोणाला तरी मारावंसं वाटे, पण मारायला समोर कोणी नव्हतं.

डॉक्टरांकडे आम्ही गेलोच होतो. त्यांनी पोट दाबून बघितलं, रक्त तपासलं, काही वाईट नाही म्हणाल्या. बिनचवीची पांढरी पावडर दिली, रसात विरघळवून रोज द्यायची. ती आतड्यात पाणी धरून ठेवते, त्यामुळे खडा होत नाही. हे औषध मला पटलं, कारण ते काय करतं हे एका वाक्यात सांगता येतं. आत जाण्यापूर्वी एक फॉर्म भरायचा होता. त्यात एक प्रश्न होता, मूल रोज किती कप दूध पितं. मी लिहिलं, दोन. डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवलं, "दोन ठीक आहे, याहून जास्त नको," म्हणाल्या आणि पुढच्या प्रश्नावर गेल्या. पावडरने अर्धं काम झालं. दुखणं कमी झालं, पडदा सुटला नाही.

प्रीस्कूल सुटल्यावर लेकीला ठेवायचं कुठे, हा प्रश्न आमच्या गल्लीतल्या एका इराणी बाईंनी सोडवला. दोन घरं सोडून त्यांचं घर. साठीच्या पुढच्या, विधवा, घरातच चार-पाच मुलं सांभाळायच्या. मुलं त्यांना 'खाले' म्हणत. त्यांच्या भाषेत ती मावशीच. चड्डी बदलावी लागेल हे मी चाचरत सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी तीन मुलं आणि एक सासरा बदलला आहे." आमचं बोलणं इंग्रजीत चाले, त्यांचं तुटक आणि माझं नागपुरी वळणाचं. मला त्या आवडल्या. पुढच्या दहा मिनिटांत त्या मला आवडेनाशा झाल्या.

कारण त्यांनी लेकीला जवळ घेतलं, जीभ बघितली, तळहात आपल्या गालाला लावून बघितला, ओठांवरून बोट फिरवलं आणि निदान सांगितलं. पोर थंड आणि कोरडी आहे.

"म्हणजे?" मी विचारलं.

"तिचा मेजाज," त्या म्हणाल्या. मेजाज म्हणजे प्रकृती, एवढं मला कळलं. प्रत्येक माणूस गरम किंवा थंड, ओला किंवा कोरडा असतो. प्रत्येक खाणंही तसंच असतं. मुलं मुळात गरम आणि ओली असायला हवीत. ही थंड आणि कोरडी झाली आहे, म्हणून पोट बांधलं गेलं. गरम-ओलं द्या, सुटेल. त्यांच्या वडिलांचं शिराझला झाडपाल्याच्या औषधांचं दुकान होतं, आजोबांचंही तेच. मुलांच्या पोटासाठी बायका तिथे रांग लावायच्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं उष्ण पडतं, थंड पडतं, पपई गरम, काकडी थंड, हे ऐकून ऐकून मी देश सोडला, आणि हेच खूळ इराणहून निघून माझ्या गल्लीत माझ्या आधी येऊन बसलं होतं. मी विचारलं की थर्मामीटर लावला तर हा थंडपणा दिसेल का. त्या म्हणाल्या, नाही. मग तो मोजतात कशाने? त्या म्हणाल्या, "हाताने, डोळ्यांनी. आणि विचारून." मी माझं ते हसू हसले.

पण मला सोमवारी कामावर जायचं होतं. म्हणून मी त्यांना एक ईमेल पाठवली. काय चालेल आणि काय चालणार नाही, अशी. रात्रभर भिजवलेले अंजीर आणि आलुबुखार चालतील, कारण ते फळ आहे आणि त्यात चोथा असतो. त्यावर एक चमचा ऑलिव्ह तेल चालेल. कोमट बदामतेलाने पोट चोळायचं तर चोळा, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, बेंबीभोवती. तेवढ्याने काही बिघडत नाही. एका काटेरी झुडपावर जमणारी साखर पाण्यात विरघळवून द्यायची त्यांची इच्छा होती, ती चालणार नाही, कारण पिशवीवर लेबल नव्हतं. बनफशाच्या फुलांचं तेल चालणार नाही. डॉक्टरांची पावडर रोज सकाळी घरून देऊन पाठवीन, ती बंद करायची नाही. आणि चार वाजता अर्धा पेला चॉकलेट घातलेलं दूध, जे ती फक्त तिच्याच पेल्यातून पिते. पेला सोबत पाठवत आहे.

उत्तर एका ओळीचं आलं. "यू आर डॉक्टर?" मी लिहिलं, नाही. त्यांचं उत्तर, "मी टू नो. ओके."

त्या पेल्याबद्दल सांगायला हवं. लेक झाली तेव्हा नागपूरहून आई आली होती. सामानात तिने स्टीलचा एक पेला आणला होता. त्यावर इतवारी बाजारातल्या माणसाकडून लेकीचं नाव कोरून घेतलं होतं, ठिपक्या ठिपक्यांचं, त्यांच्या त्या मशीनवर. नाव घातलेलं भांडं म्हणजे ते त्या माणसाचं, दुसऱ्याने त्यातून प्यायचं नाही. लेकीने कधी दुसऱ्या पेल्याला तोंड लावलं नाही. सकाळी एक पेला दूध आणि झोपताना एक पेला दूध, आणि ती पळायची आणि मी मागे. सोफ्याभोवती, जेवणाच्या टेबलाखाली. "पी ना गं राणी. एकच घोट. बरं, अजून एक." नवरा म्हणायचा, नको तर राहू दे. मी त्याला झिडकारून टाकत असे. दुधाच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नसे.

महिनाभर खालेंकडचं चाललं. अंजिरांनी फरक पडला, हे मला दिसत होतं आणि मी ते चोथ्याच्या नावावर टाकत होते. नवऱ्याचं मात्र सरळ धर्मांतर झालं. हा माणूस दिवसभर कोड लिहितो आणि संध्याकाळी लेकीला न्यायच्या निमित्ताने खालेंच्या ओट्यावर बसून चहा पितो. घरी येऊन तो मला माझा मेजाज सांगायला लागला. "तू गरम आणि कोरडी आहेस. त्या म्हणाल्या, तू दही खा." फ्रिजवर त्याने दोन रकाने काढून कागद लावला. अक्रोड गरम, तांदूळ थंड. मी तो काढून कचऱ्यात टाकला, तर म्हणाला, "बघ, हेच. गरम आणि कोरडी." पंधरा वर्षांत मी त्याच्यावर इतकी चिडले नव्हते.

खालेंचे नियमही लेकीबरोबर घरी यायला लागले. जेवताना बर्फाचं पाणी नाही. घास चावून खायचा. पळत पळत खायचं नाही. आणि शी झाली का, असं कोणी विचारायचं नाही. हा शेवटचा नियम मला झोंबला, कारण आमच्या घरात तो दिवसाचा पहिला प्रश्न होता. मी विचारायचे, नवरा विचारायचा, नागपूरहून व्हिडिओ कॉलवर आई विचारायची, आणि झाली असेल तर तिकडे माझी वहिनी टाळ्या वाजवायची. लेक फोन बघून पडद्यामागे जायची. मी खालेंना म्हटलं की विचारल्याशिवाय कळणार कसं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला रोज पाच माणसांनी विचारलं तर तुम्हाला होईल?"

एप्रिलमध्ये एका गुरुवारी माझी लॅबमधली मीटिंग कॅन्सल झाली. मी मुद्दाम न कळवता तीन वाजता खालेंकडे गेले. खरं सांगायचं तर त्यांना पकडायला गेले. मला खात्री होती की त्या मला न विचारता ती झुडपाची साखर देतात. इतकी हुशार बाई माझ्या ईमेलचं ऐकून गप्प बसेल, यावर माझा विश्वास नव्हता.

दार उघडंच होतं. गालिच्यावर लेक उताणी पडली होती, फ्रॉक वर केलेला, आणि खाले तिच्या पोटावर तेलाचा हात फिरवत काहीतरी गुणगुणत होत्या. लेक छताकडे बघत हसत होती. आपल्या पोटाला कोणी हात लावलेला असताना तिला हसताना मी किती दिवसांत बघितलं नव्हतं. खालेंनी मला बघितलं, हात थांबवला नाही. "किचनमध्ये बसा," म्हणाल्या, "मला तुम्हाला विचारायचंच आहे."

साखरेची पिशवी मी पहिल्यांदा शोधली. ती वरच्या फळीवर होती, बंद, जशीच्या तशी, टाचणीसुद्धा न काढलेली. ओट्यावर लेकीचा पेला होता आणि शेजारी काचेचं मापाचं भांडं, केक करताना वापरतात ते.

खाले हात पुसत आल्या. "हिला माझ्याकडे भूक नसते," म्हणाल्या. "अंजीर खाते, भाजी नाही, डाळ नाही. दोन घास, की पोट भरलं. मी विचार केला, हे पोट कशाने भरतं? घरी दूध किती पिते?"

"दोन कप," मी म्हटलं. "डॉक्टरांनी दोन चालेल सांगितलंय."

"या ग्लासने?"

"हो."

त्यांनी पेला नळाखाली धरला, लेकीच्या नावापर्यंत, नावाच्या वर, काठापासून बोटभर खाली, मी भरते म्हणून दाखवलं तिथवर. मग तो मापाच्या भांड्यात ओतला. भांड्यावर कपाच्या रेघा होत्या. पाणी एक कपाच्या रेघेवरून गेलं, दीडवरून गेलं, आणि पुढेही गेलं. मी वाकले. सवयीने डोळा रेघेच्या पातळीला आणला आणि वाचलं. चारशे मिलिलिटरच्या किंचित वर. कप दोनशे चाळीसचा.

सकाळी चारशे, झोपताना चारशे. आणि चार वाजताचं अर्धं चॉकलेटचं, ते तर मी कधी दूध म्हणून धरलंच नव्हतं. पोर रोज लिटरभर दूध पीत होती. चार कपांहून जास्त, आणि फॉर्मवर माझ्या अक्षरात दोन.

खाले बोलत राहिल्या. इतकं दूध जड, घट्ट, आतड्यात बसून राहतं, त्यात ही पोर आधीच थंड. मी त्यांना तोडलं नाही. त्यांचं थंड आणि जड अजूनही भाकड होतं, आजही आहे. पण त्यांनी भांडं आणून मोजलं होतं आणि मी मोजलं नव्हतं. मी, जी नवीन पोरांना उभ्याने वाचलं म्हणून बोलते. क्लबहाउसमधली ती देठवाली मावशी निदान स्वतःला शहाणी समजत नव्हती. त्या वाढदिवसाला जमलेल्या माणसांत सगळ्यात मोठा भोंदूपणा कोणी केला असेल तर तो मी केला होता, आणि तोही कित्येक महिने, माझ्याच पोरीवर.

घरी येऊन मी डॉक्टरांच्या पोर्टलवर खरा आकडा लिहिला. लिहिताना कान तापले होते. दुसऱ्या दिवशी नर्सचं उत्तर आलं, एका शब्दानेही न टोचणारं. दूध दोन कपांवर आणा, खरे कप. बाकी पाणी. पावडर चालू ठेवा. अंजीर उत्तम. मोजलं का नाही, हे तिने विचारलं नाही, नवऱ्यानेही विचारलं नाही. त्यामुळे ते मलाच स्वतःला विचारावं लागलं.

उत्तर मला माहीत होतं. मी चौथीत असताना वर्गातल्या एका मुलीच्या घरी गेले होते, सिव्हिल लाइन्सला. तिची आई दुधाचा पेला घेऊन तिच्या मागे घरभर फिरत होती. "पी ना गं, एकच घोट." ती मुलगी तोंड वाकडं करत पळत होती. शेवटी अर्धं प्यायली आणि उरलेलं तिच्या आईने मांजरीच्या ताटलीत ओतलं. मी सोफ्याच्या कडेवर बसून बघत होते. आमच्याकडे पाव लिटरची पिशवी यायची, ती बाबांच्या चहाला आणि पाहुण्यांना. कधी सायीचा वास आला म्हणून मी पेला पुढे केला तर आई बोटभर ओतायची आणि पातेलं मागे घेत म्हणायची, "पुरे आता." दूध असणं हे श्रीमंतांचं, एवढं मला आधीपासून ठाऊक होतं. कोणी आपल्या मागे लागून, विनवण्या करून पाजतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि ते मला इतकं हवं होतं की घरी येऊन मी जेवले नाही. माझ्या लेकीच्या मागे सोफ्याभोवती मी धावत होते, ते तिच्या हाडांसाठी नव्हतं.

आईला सांगणं भाग होतं, कारण ती रोज विचारायची, दूध पिलं का. व्हिडिओ कॉलवर मी सगळं सांगितलं. पेला मोजला ते, लिटर ते. मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "दुकानात दोन गिलास होते बाई. लहान पण होता. मी म्हटलं नातीला मोठा देऊ, आपल्या वेळेस नव्हतं तं नव्हतं." आणि मग, "लई दुखलं का वो पोरीला?"

मी म्हटलं, नाही गं, तुझा काय दोष, मीच मोजलं नाही. तिने मान हलवली. पण त्यानंतर तिने दुधाचं कधी विचारलं नाही, आणि शी झाली का हेही विचारलं नाही. मला खालेंचा तो नियम तिला समजावून सांगायची वेळच आली नाही.

लेकीला भूक लागायला लागली. पहिल्यांदा खालेंकडे डाळ खाल्ली, मग घरी वांगं. पावडर, अंजीर, तेलाचा हात, कमी दूध, न विचारणं, यातलं कशाने किती झालं हे मला सांगता येणार नाही, आणि ज्याने एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या त्याचा निकाल मी लॅबमध्ये फेकून दिला असता. खाले म्हणतात पोर गरम झाली. म्हणोत. जूनमधल्या एका रविवारी ती खेळता खेळता उठली. मी पडद्याकडे बघितलं. ती पडद्यावरून पुढे गेली, बाथरूममध्ये शिरली आणि दार लावून घेतलं. मी आणि नवरा सोफ्यावर पुतळ्यांसारखे बसलो. आतून रडण्याचा आवाज आला नाही. पाणी पडल्याचा आला. ती ओले हात फ्रॉकला पुसत बाहेर आली, आमच्याकडे बघून म्हणाली, "व्हॉट?" आणि खेळायला बसली. नवऱ्याने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

ऑगस्टमध्ये ती किंडरगार्टनला गेली. पहिल्या दिवशी सकाळी मी तिचा पेला काढला. आतल्या बाजूला, लेकीच्या नावाच्या बरोबर खाली, मी लॅबमधल्या सुईने एक बारीक रेघ ओढली आहे, दोनशे चाळीसची. त्या रेघेपर्यंत ओतलं. तिने एका दमात पिऊन टाकलं, पाठीमागे धावायला कोणालाच लागलं नाही. ओठावर दुधाची मिशी घेऊन तिने पेला माझ्यापुढे धरला.

"मोअर," ती म्हणाली. मग आठवून मराठीत, "आई, अजून दे ना."

फ्रिजचं दार उघडंच होतं. आत गॅलनचा कॅन, नुकताच आणलेला, गळ्यापर्यंत भरलेला. मी दार लावलं आणि म्हणाले, "पुरे आता."